यंत्राची थंड खोली आणि नागपूरचा उन्हाळा

१/ नागपुरात मे महिन्याच्या दुपारी एखादा स्वस्त, लहान लॅपटॉप सुरू केला की काही मिनिटांतच त्याच्या पोटातला इवलासा पंखा घोंघावू लागतो आणि संध्याकाळपर्यंत थांबायचे नाव घेत नाही. यंत्र बिघडले, असा घरोघरी समज होतो. बहुतेक वेळा ते बिघडलेले नसते. ज्या हवेत चालावे म्हणून ते घडवले गेले, ती हवा त्याला मिळालेली नसते, एवढेच. या आवाजामागे जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. गारवा कोणासाठी निर्माण केला गेला, माणसासाठी की यंत्रासाठी, याचा हा इतिहास आहे. त्याची सुरुवात नागपुरातूनच करता येते.

२/ १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्याच दिवशी जमशेटजी टाटा यांची नागपूरची कापड गिरणी सुरू झाली आणि त्या योगावरून ती ‘एम्प्रेस मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जागेची निवड विचारपूर्वक झाली होती. वऱ्हाडचा कापूस जवळ होता आणि १८६७ पासून रेल्वे नागपुरापर्यंत आली होती. प्रतिकूल होती ती हवा. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो आणि चातीवर वारंवार तुटतो. नागपूरचा उन्हाळा तर कोरडेपणासाठीच प्रसिद्ध.

३/ यावर उपाय म्हणून एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओलावा सोडणारी यंत्रे बसवण्यात आली. भारतातील गिरण्यांमध्ये अशी यंत्रे प्रथम येथेच आली, असे टाटा उद्योगसमूहाच्या इतिहासात सांगितले जाते. ही सोय सुतासाठी होती. ओलावा वाढला की धागा शाबूत राहतो, पण तापलेल्या बंद दालनात कामगाराचा घाम वाळत नाही आणि उकाडा अधिकच जाचतो. हिंदी गिरण्यांमधील या कृत्रिम ओलाव्याची १९२०च्या दशकात सरकारला स्वतंत्र चौकशी करावी लागली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते.

४/ माणसांच्या गारव्याची व्यवस्था निराळी होती आणि ती हुद्द्यानुसार ठरत असे. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, पण उन्हाळ्यात सरकारचा मुक्काम पचमढीच्या डोंगरावर हलत असे. खाली राहिलेल्या साहेबांच्या बंगल्यांत छताला लटकता पंखा आणि दारांना वाळ्याच्या ओल्या ताट्या असत. पंख्याची दोरी ओढणारा आणि ताट्यांवर पाणी मारणारा नोकर मात्र बहुधा बाहेरच्या व्हरांड्यात, झळांमध्येच बसलेला असे.

५/ याच काळात ‘थर्मअँटिडोट’ नावाची एक अवजड पेटी इंग्रजांच्या बंगल्यांत दिसे. लाकडी पेटीच्या बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आत हाताने फिरवायची पाती आणि खिडकीतून खोलीत शिरणारा गार झोत, अशी तिची रचना होती. पंखा, पाणी आणि ताटी हे तिन्ही घटक एकत्र आणणारी ही पेटी म्हणजे आजच्या कूलरची पूर्वजच. नागपूरकरांच्या गच्चीवर आणि खिडकीत उन्हाळ्याच्या तोंडावर जे यंत्र बसवले जाते, त्याचे तत्त्व तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

६/ वातानुकूलनाचा जन्मही माणसाच्या सुखासाठी झाला नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने तेथील हवेचा ओलावा आणि तापमान नियंत्रित करण्याची योजना आखली. नागपुरात सूत, ब्रुकलिनमध्ये कागद. दोन्हीकडे हवा बदलली ती मालासाठी. माणूस तेथे केवळ उपस्थित होता.

७/ संगणकाने हीच परंपरा पुढे चालवली. १९४६ मध्ये अमेरिकेत जगासमोर आलेल्या ‘एनिअॅक’मध्ये सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या आणि तो सुमारे दीडशे किलोवॅट वीज खात असे. ही जवळपास सगळी वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ती बाहेर काढायला मोठाले झोतपंखे लागत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यातही सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. अशा यंत्रांसाठी थंड खोली ही चैन नव्हती, ती यंत्राचाच एक भाग होती.

८/ १९८०च्या दशकात बँका, विद्यापीठे आणि सरकारी कार्यालयांत संगणक आले, तेव्हा ही थंड खोली त्यांच्यासोबत आली. चपला बाहेर काढायच्या, दार लगेच लोटायचे, पडदे ओढलेले ठेवायचे, हे त्या पिढीला आठवत असेल. साहेबाच्या खोलीत छताचा पंखा फिरत असताना संगणकाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र चाले. यामागे धूळ आणि उष्णतेची रास्त भीती होती. पण परिणाम असा झाला की संगणक कोणत्या हवेत चालतो, हा प्रश्न सामान्य माणसापर्यंत पोहोचलाच नाही.

९/ घरगुती संगणक मात्र स्वतःचा गारवा स्वतःच सांभाळणारा हवा होता, आणि येथे आवाजाचा प्रश्न उभा राहिला. अॅपलच्या स्टीव्ह जॉब्जना पंख्याचा आवाज खपत नसे. १९८० मध्ये आलेला ‘अॅपल ३’ पंख्याविनाच घडवण्यात आला. त्यातील सुरुवातीच्या अनेक यंत्रांत उष्णतेने चिप्स आपल्या खाचांतून सैल होत. यंत्र काही इंच उचलून टेबलावर आपटावे म्हणजे चिप्स पुन्हा बसतील, असा अजब सल्ला ग्राहकांना मिळाल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. शांततेची किंमत उष्णतेत मोजावी लागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१०/ लॅपटॉपच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे १९८२चा ‘ग्रिड कंपास’. त्याचे मॅग्नेशियमचे कवचच आतली उष्णता बाहेर टाकी. अमेरिकेच्या अंतराळयानात तो न्यायचे ठरले तेव्हा त्याला एक छोटा पंखा जोडावा लागला. पृथ्वीवर गरम हवा हलकी होऊन आपोआप वर जाते आणि तिची जागा गार हवा घेते. वजनरहित अवस्थेत हे घडत नाही. पंख्याचे काम यातून नेमके समजते. पंखा थंडी निर्माण करत नाही. तो केवळ तापलेली हवा हटवून तिच्या जागी खोलीतली हवा आणतो. खोलीतली हवाच तापलेली असेल, तर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

११/ १९९३ मध्ये इंटेलचा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट उष्णता टाकत बाजारात आला आणि प्रोसेसरवर पंखा बसवणे ही नित्याची गोष्ट झाली. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाने गावोगावच्या गाळ्यांत संगणक नेला. तेथे वातानुकूलन असेलच असे नव्हते. तरीही टेबलाखालच्या मोठ्या पेट्या बऱ्यापैकी तग धरत. कारण पेटीत जागा भरपूर, पंखे मोठे आणि म्हणून त्यांचा वेग बेताचा असे.

१२/ येथे पंख्याचे गणित पाहणे आवश्यक आहे. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुष्कळ हवा ढकलतो. लॅपटॉपच्या बोटभर जाडीच्या पोटात मावणाऱ्या पंख्याला तेवढ्याच कामासाठी कितीतरी अधिक वेगाने फिरावे लागते. पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट मिळते, पण आवाज साधारण १५ डेसिबेलने वाढतो, म्हणजे कानाला जवळपास तिप्पट वाटतो. मिनिटाला ४,५०० फेऱ्या घेणाऱ्या ३१ पात्यांच्या पंख्यातून सेकंदाला २,३२५ कंपनांचा सूर निघतो. माणसाचा कान ज्या पट्ट्यात अतिशय तीक्ष्ण असतो, नेमक्या त्या पट्ट्यात हा सूर येतो.

१३/ स्वस्त संगणक कोणत्या हवेत वापरला जाईल, याचा विचार आरंभीच करणारा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला. रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील छोट्या प्राथमिक शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातील ही पहिली प्रायोगिक शाळा. या लॅपटॉपमध्ये पंखा नव्हता आणि फिरणारी हार्डडिस्कही नव्हती. प्रोसेसर अवघ्या ४३३ मेगाहर्ट्झचा होता. सगळी महत्त्वाची जोडणी कीबोर्डाखाली न ठेवता उभ्या पडद्यामागे ठेवल्याने उष्णता सहज वर निघून जाई आणि मुलाची मांडी भाजत नसे.

१४/ केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ मध्येच या योजनेबाबत नकार कळवला होता आणि भारतात ती फार पसरली नाही. खर्च, शिक्षकांची तयारी आणि शिक्षणातील अग्रक्रम या आक्षेपांत तथ्य होते. पण एक गोष्ट त्या वादात मागे पडली. वातानुकूलित खोली मिळणार नाही, वीज बेभरवशाची असेल आणि धूळ असणारच, हे गृहीत धरून घडवलेला तो बहुधा सर्वाधिक गाजलेला लॅपटॉप होता. त्यानंतर बाजारात आलेल्या स्वस्त लॅपटॉपांनी त्याची किंमत डोळ्यांसमोर ठेवली, पण त्याचे हे गृहीतक उचलले नाही.

१५/ त्याच २००७ च्या अखेरीस तैवानच्या असूसने सात इंची पडद्याचा ‘ई-पीसी ७०१’ आणला आणि ‘नेटबुक’चे युग सुरू झाले. भारतात एचसीएलने २००८ च्या आरंभी ‘मायलीप’ ही मालिका आणली. ई-पीसीचा प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्झचा असूनही तो ६३० वर चालवला जाई. तरीही आत पंखा होताच, आणि त्याच्या आवाजाने त्रासलेल्या हौशी वापरकर्त्यांनी पंख्याचा वेग स्वतः ठरवणारे छोटे प्रोग्रॅम लिहून वाटले. स्वस्त लॅपटॉप आणि पंख्याची कुरकुर यांची जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे.

१६/ २००८ मध्ये इंटेलचा ‘अॅटम’ आला. नेटबुकांत सर्रास दिसणारा त्याचा एन-२७० हा प्रकार जेमतेम अडीच वॅट उष्णता टाकी. मग पंखा कशाला? कारण किंमत कमी ठेवण्यासाठी त्याच्यासोबत जुन्या धाटणीचा जोडचिपसंच दिला जाई आणि त्यातील मुख्य चिप एकटीच सुमारे ६ वॅटपर्यंत तापे. म्हणजे पंखा फिरत होता तो प्रोसेसरपेक्षा त्याच्या सोबत्यासाठी. स्वस्तात बसवलेल्या एका भागाचा भुर्दंड दुसऱ्या भागाने, आणि शेवटी वापरणाऱ्याच्या कानाने भरला.

१७/ आता नागपूरकडे वळू. बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत एक ओळ असते. यंत्र वापरण्यासाठी भोवतालच्या हवेचे तापमान फार तर ३५ अंश सेल्सिअस असावे, असे ती सांगते. नागपुरात मार्चच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारचा पारा सहसा या मर्यादेच्या वरच असतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली. ३० मे २०२४ रोजी येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली. तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले.

१८/ आकडे मांडले की पंख्याची अडचण स्पष्ट होते. चिप ८५ अंशांवर ठेवायची आहे असे धरू. खोली २५ अंशांची असेल तर चिप आणि हवा यांत ६० अंशांचे अंतर मिळते. खोली ४५ अंशांची असेल तर अंतर ४० वर येते. पंख्याचा वेग तोच राहिला तर बाहेर जाणारी उष्णता एक तृतीयांशाने घटते. ती तूट वेग वाढवून भरायची, आणि वेगाबरोबर आवाज किती वाढतो ते वर आलेच आहे. आवाजाच्या चाचण्या मात्र साधारण २३ ते २५ अंशांच्या शांत खोलीत होतात. जाहिरातीतला ‘शांत’ लॅपटॉप त्या खोलीत खरोखर शांत असतो.

१९/ पंख्याचे वागणेही समजून घेण्यासारखे आहे. किती तापमानाला किती वेग, याचा एक तक्ता यंत्रात भरलेला असतो. महाग यंत्रांत वेग हळूहळू चढतो-उतरतो. स्वस्त यंत्रांत अनेकदा दोन-तीनच पायऱ्या असतात. चिपचे तापमान एखाद्या पायरीच्या सीमेवर घुटमळले की पंखा क्षणात चढतो, क्षणात उतरतो. कान एकसुरी आवाजाला सरावतो, चढ-उताराला नाही. त्यात नागपूरची धूळ जाळीत बसते, स्वस्त पंख्याच्या बेअरिंगमधले वंगण उष्णतेने सुकते, आणि दोन उन्हाळ्यांत घोंघावण्याची खरखर होते.

२०/ अलीकडे अनेक स्वस्त लॅपटॉप पंख्याविना येतात. सुमारे ६ वॅटचा प्रोसेसर आणि त्यावर एक धातूची पट्टी, एवढीच व्यवस्था. आवाज नाही, म्हणून ग्राहक खूश. पण उष्णतेचे गणित बदललेले नाही. पंखा नसलेले यंत्र तापले की ते आपला वेग गुपचूप कमी करते. अक्षरे उशिरा उमटतात, चित्रफीत अडखळते, व्हिडिओवर चालू असलेल्या वर्गात शिक्षकांचा चेहरा गोठतो. पंखा निदान ओरडून सांगत होता. हे यंत्र काहीच सांगत नाही, आणि आपणच अडाणी किंवा इंटरनेटच मंद, असे वापरणाऱ्याला वाटत राहते.

२१/ या प्रश्नाची खरी झळ २०२० मध्ये लागली. मार्चच्या अखेरीस देशव्यापी टाळेबंदी लागली तेव्हा नागपूरचा उन्हाळा सुरू होत होता. शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये घरात आली. वातानुकूलित संगणककक्ष बंद पडले आणि त्यांतले काम पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या खोल्यांत, घरातल्या स्वस्त यंत्रावर येऊन पडले. एकाच किमतीचा, एकाच बनावटीचा लॅपटॉप गार खोलीतल्या विद्यार्थ्याला पूर्ण वेग देत होता आणि नवतप्यात सापडलेल्या विद्यार्थ्याला कमी. पावतीवरची रक्कम मात्र दोघांचीही सारखीच होती.

२२/ नागपूरकरांजवळ यावर एक जुने उत्तर आहे, ते म्हणजे कूलर. दुपारी ४५ अंश तापमान आणि हवेत जेमतेम १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा २९-३० अंशांपर्यंत उतरू शकते. लॅपटॉपच्या पंख्याला ४० ऐवजी पुन्हा ५५ अंशांचे अंतर मिळते. कोरड्या उन्हाळ्यात हे शक्य होते. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा प्रभाव ओसरतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो. यंत्र थेट तुषारांच्या माऱ्यात न ठेवता त्याच खोलीत, गादीऐवजी कडक टेबलावर, मागची जाळी मोकळी राहील असे ठेवणे एवढेच पुरते.

२३/ मात्र कूलरचा स्वतःचा आवाज मोठा असतो. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबेल आहे. लॅपटॉपचा पंखा पूर्ण वेगातही त्याच्या आसपासच घोटाळतो. कूलरच्या घरघरीत तो ऐकूच येत नाही. म्हणून नागपुरात लॅपटॉपच्या पंख्याच्या तक्रारीला अनेकदा पावसाळ्यात तोंड फुटते. कूलर बंद होतो, खोली शांत होते, आणि उन्हाळाभर राबून झिजलेल्या पंख्याची खरखर तेव्हा प्रथम कानी पडते.

२४/ एम्प्रेस मिलमध्ये सुतासाठी हवा बदलली गेली, ब्रुकलिनमध्ये कागदासाठी, संगणककक्षात निर्वात नलिका आणि चिप्ससाठी. शंभर वर्षे गारवा यंत्राच्या दाराशी नेला जात होता आणि माणूस व्हरांड्यात होता. स्वस्त लॅपटॉपने हा क्रम उलटवला. नागपूरच्या घरात माणूस ज्या हवेत राहतो त्याच हवेत राहण्याची वेळ गणनयंत्रावर प्रथमच आली, पण त्याची रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अजून ती जुनी थंड खोलीच आहे. खैरातच्या शाळेतला तो हिरवा लॅपटॉप पाहता वेगळी रचना अशक्य नव्हती. माहितीपुस्तिकेतले ३५ अंश हा निसर्गनियम नाही. तो घडवणाऱ्यांनी निवडलेला आकडा आहे, आणि विकत घेणाऱ्यांनी प्रश्न विचारले तर तो बदलूही शकतो. दुकानात स्मृती किती, साठवण किती, असे विचारताना ‘४५ अंशांत हा कसा चालतो?’ हेही विचारले जावे. नागपुरात तरी हा प्रश्न पहिला असायला हवा.

(समाप्त)